गावाला जायचा कोट

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं, आणि मग कोठडीच्या गजांमागे उकिडवा बसलेला एक माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. त्या माणसाचं काहीही होऊ शकलं असतं. झालं नाही, म्हणून हे सगळं आज मोकळ्या मनाने लिहिता येतं आहे.

मी तेव्हा महाडला फौजदार होतो. पोलादपूरला आमची चौकी होती आणि तिथे एक जमादार व चार शिपाई असत. तो भाग डोंगराचा. घरटी एक तरी माणूस मुंबईला गिरणीत किंवा गोदीत. शिमग्याला ही मंडळी बोटीने बाणकोटला उतरत, तिथून शिडाच्या पडावाने दासगाव गाठत आणि मग गावोगाव पांगत. मुंबईत माणूस काय खातो, कुठे झोपतो, हे गावाने कधी पाहिलेलं नसे. गाव पाही ते फक्त अंगावरचे कपडे. अंगात कोट असेल तर पोरगं मार्गी लागलं, नसेल तर वाया गेलं. मार्चच्या उन्हात घामाने निथळत, कोटाची सगळी बटणं लावून बापाबरोबर घरोघर फिरणारे तरुण मी कितीतरी पाहिले. बाप पुढे, मुलगा मागे, आणि बापाची मान जरा जास्तच ताठ.

अशाच एका शिमग्यात पोलादपूरच्या वरच्या वाडीतला एक म्हातारा शेतकरी पोलीस पाटलाला घेऊन महाडच्या ठाण्यावर आला. चांगला जमीनजुमलावाला, शब्दाला वजन असलेला. मागे त्याचा मुंबईकर मुलगा. फिर्याद अशी की मुलाचा काळा अल्पाकाचा कोट आणि त्याच्या खिशातलं सोन्याच्या साखळीचं घड्याळ पालखी अंगणात नाचत असताना ओटीवरच्या खुंटीवरून गेलं. संशय ओझेवाल्यावर. हा कातकरी होता. मुंबईकरांच्या पेट्या पोलादपूरहून डोक्यावर घेऊन वाडीत पोहोचवायचा आणि शिमग्याला घरोघर पोस्त, म्हणजे सणाची बक्षिशी, मागायला यायचा. त्या दिवशीही तो पोस्तासाठी अंगणात उभा होता.

आमच्या पोलादपूरच्या जमादाराला तेवढं पुरलं आणि त्याने ओझेवाल्याला धरून महाडच्या कोठडीत आणलं. कातकरी म्हटला की त्याचा तपास तिथेच संपे. शिवाय या माणसाला पूर्वी एकदा कोंबडी चोरल्याबद्दल शिक्षा झालेली. म्हणजे या वेळी गुन्हा शाबीत झाला असता तर तो वर्षानुवर्षं आत गेला असता. त्याची बायको ठाण्यासमोरच्या पिंपळाखाली येऊन बसली. रडणं नाही, ओरडणं नाही. नुसती दाराकडे बघत बसून राही. मी रोज तिच्यासमोरून आत जायचो आणि मला ते जड जायचं.

झोपडीची झडती झाली, पंचनामा झाला, हाती काही लागलं नाही. मी त्याला स्वतः विचारलं, "खरं सांग, कोट कुठे ठेवलास?"

तो म्हणाला, "सायब, मी कोट घालून जाऊ कुठं?"

विकायला नेला म्हणावं, तर महाडात त्याच्या हातात असा कोट दिसता तर दुकानदारानेच त्याला धरून ठेवला असता.

मला खटकत होता तो फिर्यादीचा मुलगा. ज्याची चोरी होते तो बोलून बोलून जीव नकोसा करतो, हा माझा अनुभव. इथे बोलत होता तो बाप. मुलाला मी विचारलं, "घड्याळ कुठल्या बनावटीचं?" तर म्हणाला, "मुंबईचं." चावी कुठल्या बाजूने द्यायची ते त्याला सांगता येईना. आणि कोठडीकडे तो एकदाही बघत नव्हता.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी थोड्या दिवसांची पोलीस कोठडी दिली होती. ती संपत आली. खटला पाठवायचा की माणूस सोडायचा, हे मला ठरवायचं होतं. अशात आमच्या शिपायांची दाढी करणारा न्हावी बातमी घेऊन आला.

"सायब, काल एक गिऱ्हाईक आलं व्हतं. काळा कोट, सोन्याची साखळी. दाढी करताना दोनदा घड्याळ काढून बघितलं, आन् मलाच इचारतो, किती वाजले असतील रे?"

हा तरुण महाडजवळच्याच एका गावचा, मुंबईहून आलेला. शिवथरच्या खोऱ्यातली मुलगी ठरली होती आणि साखरपुडा दोन दिवसांवर आला होता. मी गणवेश न घालता एका शिपायासह त्याच्या घरी गेलो आणि कोट-घड्याळासकट त्याला ठाण्यावर घेऊन आलो. सोयीसाठी त्याला नवरदेव म्हणतो.

नवरदेव म्हणाला, "कोट माझाच हाय." घड्याळ बंद होतं. कधीपासून ते त्याला माहीत नव्हतं. मी पोलादपूरच्या बापलेकांना बोलावून घेतलं. टेबलावरचा कोट बघताच म्हातारा म्हणाला, "ह्योच." त्याच दमात मुलगा म्हणाला, "ह्यो माझा नाय."

"आरं, तुझाच हाय, मी काय आंधळा हाय काय?"

"नाय बाबा, माझा नाय."

माझ्या नोकरीत 'माझा नाही' म्हणणारे चोर पुष्कळ भेटले, 'माझा नाही' म्हणणारा फिर्यादी हा पहिलाच. जमादाराचा हात शिवशिवत होता. मी त्याला बाहेर पाठवला. मग दोघांनाही तो कोट आळीपाळीने घालायला लावला. फिर्यादीचा मुलगा उंचापुरा, त्याला बाह्या मनगटाच्या वर राहिल्या. नवरदेव ठेंगणा, त्याच्या बाह्या आत दुमडून टाका घातलेल्या. मी बाही उलटी केली. दुमड जिथे होती तिच्या वर-खाली सुईच्या भोकांच्या आणखी ओळी होत्या. कोणीतरी ही बाही पुनःपुन्हा आखूड केली होती आणि पुनःपुन्हा सोडली होती.

"हा कोट किती जणांचा आहे?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. ते एकमेकांना ओळखतात एवढं नक्की झालं, पण तोंड काही उघडेना. चोर जिवाच्या भीतीने बोलतो. अब्रूच्या भीतीने गप्प बसलेल्या माणसाला बोलतं करणं फार कठीण असतं.

शेवटी मी कातकऱ्याला कोठडीतून काढून त्यांच्यासमोर बसवला आणि त्याला म्हटलं, "तुला काही सांगायचं असेल तर ह्यांना सांग."

तो उंच मुलाकडे सरकला. मग हळूच म्हणाला, "दादा, तुमची पेटी मीच वर आणली. मुंबईच्या सामानानं भरलीय, जपून ने, असं तुमी चार मानसांसमोर बोल्लात. पेटी रिकामी व्हती. मी वाटंत वाकून चाललो, जड हाय असं दावलं. कोनाला बोल्लो नाय."

मुलगा ओक्साबोक्शी रडू लागला. मग सगळं बाहेर आलं.

मुंबईतल्या एका खोलीत ही आसपासच्या गावांची मंडळी राहत. सगळ्यांनी मिळून एक कोट शिवला होता आणि जुन्या बाजारातून एक बंद घड्याळ, मुलाम्याची साखळी आणली होती. खोलीत त्याला नावच होतं, गावाला जायचा कोट. लग्न असो, शिमगा असो, गणपती असो, ज्याची पाळी तो घालणार, परत आला की दुसऱ्याच्या मापाने बाही शिवायची. गावात कोणाला सांगायचं नाही, अशी खोलीतल्या देवापुढे शपथ. या वेळी नवरदेवाचं मुलगी बघायला जाणं आणि पाठोपाठ साखरपुडा अचानक ठरला. त्याचा निरोप आला, आणि या मुलाने पालखीच्याच दिवशी कोट फडक्यात बांधून पोलादपूरच्या बाजारात त्याच्या हवाली केला. घरी खुंटी रिकामी दिसताच बापाने विचारलं. मुलगा म्हणाला, "म्हाईत नाय." एवढ्या दोन शब्दांवर बापाने चोरीची हाकाटी केली, पाटील आला, फिर्याद झाली, आणि एक माणूस गजाआड गेला.

मला त्याचा राग आला होता आणि मी तो लपवला नाही. "तुझ्या कोटाची अब्रू राखायला हा माणूस तुरुंगात जाणार होता," मी म्हणालो. तो कातकऱ्याच्या पाया पडायला गेला तेव्हा कातकरीच लाजून मागे सरकला.

म्हाताऱ्याने पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "मला तरी सांगायचं व्हतंस रे," एवढंच तो म्हणाला. मग उठला आणि कातकऱ्यापाशी गेला. "चल बाबा, तुझं पोस्त माझ्याकडं राहिलंय."

फिर्याद गैरसमजुतीने दिली गेली असा अहवाल मी त्याच दिवशी मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे घेऊन गेलो. त्यांनी शेवटपर्यंत वाचला, मिशीत हसले आणि सुटकेच्या हुकमावर सही केली. पिंपळाखालची बाई नवऱ्याला बघून उठली, पदर सारखा केला आणि त्याच्यापुढे चालू लागली. त्या दिवशी मला ठाण्याबाहेरची हवासुद्धा हलकी वाटली.

राहिला नवरदेव. तो कोपऱ्यात अंग चोरून उभा होता, कारण साखरपुड्याचा बाजार करायला महाडात आलेला त्याचा होणारा सासरा बातमी ऐकून ठाण्याच्या पायऱ्या चढत होता. खांद्यावरच्या पिशवीत नारळ, साखरेचे पुडे आणि मुलीसाठी खण. तो आत आला, रामराम केला, आणि टेबलावरच्या कोटाकडे गेला. डाव्या खिशाचं अस्तर त्याने बाहेर ओढलं. तिथे जळाल्याचं बारीक भोक होतं.

"ह्ये भोक माझ्या भाच्याच्या बिडीचं," तो म्हणाला. "मागं एका गणपतीला ह्यो कोट त्याच्या अंगात माझ्या ओटीवर येऊन गेलाय. मुलगी बघायला जावई आला तवाच मी वळखला."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलायचं, सायब? कोट कोनाचा का आसंना. मुंबईत धा जनं आपला एकुलता एक कोट ज्याच्या हाती डोळं झाकून देत्यात, त्याला मुलगी द्यायला काय हरकत हाय?" आणि नवरदेवाकडे वळून म्हणाला, "साखरपुड्याला सदऱ्यातच ये रं. उन्हाचं कशापायी शिजायचं?"

साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. मला बोलावणं होतं, पण मांडवात फौजदार दिसला की लोक आधी आपापली माणसं मोजतात, म्हणून गेलो नाही. खण-नारळ मात्र घरी पोहोचले.

या प्रकरणानंतर उरलेल्या नोकरीत मी एक नियम पाळला. चोरीची फिर्याद घेऊन कोणी आला की वस्तू गेली कशी ते मी मागाहून विचारी. आधी विचारी, तुमच्याकडे ती आली कशी? या साध्या प्रश्नाला फिर्यादी जितका अडखळे, तितक्या लवकर मी कोठडीतल्या माणसाला पाणी पाजायला सांगे.