रेडिएटरमधली हळद

माझ्या मेहुण्याने मला फसवलं. त्याने माझ्याकडून न वापरलेलं डिझेल इंजिन नेलं, विहिरीवर बसवलं आणि बदल्यात इंजिनाच्या ब्लॉकला भेग पडलेली जुनी मोटारगाडी माझ्या गळ्यात मारली. भेग त्याला माहीत होती. ती हळदीने बुजवलेली होती, हेही माहीत होतं. कुणाला खोटं वाटत असेल तर त्याने माझ्याकडे यावं, इंजिन उघडून दाखवतो. उघडून उघडून आता खांदे भरून येतात, पण दाखवतो.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. उमरीजवळ त्यांचं गाव, हळदीची शेती, माल नांदेडच्या बाजारात. ही मोटार त्याच्या आजोबांनी निजामाच्या काळात हैदराबादेहून आणलेली. विलायती बनावट, चार सिलिंडर, पुढून हँडल मारून चालू होणारी. माझ्या लग्नात मी ट्रकमधून उतरलो, कारण मी तेव्हा ट्रकवर क्लीनर होतो आणि ट्रक मालकाने फुकट दिला होता. मोटार समोर उभी होती. नवरदेवाला तीत बसवायचं कुणाला सुचलं नाही.  मी ते लक्षात ठेवलं.

पुढे मी गॅरेजात रॉकेलमध्ये पार्ट धुतले, भंगारातून चांगला माल निवडायला शिकलो आणि लातूरला औसा रोडवर स्पेअर पार्टचं दुकान टाकलं. लातूर जिल्हा झाला आणि गावाचा नूरच पालटला. नवी कचेरी, नव्या जीपा, रोज नवे साहेब. ज्याच्याकडे काल सायकल होती तो आज मोटारीची चौकशी करायचा. माझं दुकान चाललं. मग दुष्काळ पडला, आणि मेहुण्याचं विहिरीवरचं इंजिन नेमकं तेव्हाच बसलं. पिस्टन जाम. विहिरीच्या तळाला थोडं पाणी होतं, वर हळद करपत होती. त्याने निरोप धाडला. मी म्हणालो, माझ्याकडे नवं इंजिन आहे, ते देतो. मोटार दे.

सौदा त्यांच्या गोठ्यात झाला, मोटार तिथेच उभी होती.

"दाजी, घासाघीस नका करू," तो म्हणाला. "जावयाचा मान म्हणून देऊन राहिलो."

"मान असाच देतेत. त्याच्यावर इंजिन कामून मागायलास?"

"तुमच्याशी बोलण्यात कोण जिंकलंय?" म्हणून तो हसला.

मी कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. गाडी विकताना लोक काय काय करतात ते मला पाठ होतं. गिअरबॉक्सचा आवाज दाबायला भुसा घालतात, म्हणून तिथलं तेल काढून बोटांवर चोळून पाहिलं. इंजिनाचा ठोका लपवायला दाट तेल भरतात, तेही पाहिलं. प्लग काढले, सिलिंडरवर अंगठा धरून हँडल फिरवायला लावलं, दाब बघितला. दाब चांगला होता. राहिलं फक्त पाणी. रेडिएटर अर्धा रिकामा होता.

"पाणी घाल," मी म्हणालो. "चांगली गरम होऊ दे, मग ठरवू."

"दाजी, म्हशीला पाणी न्हाई. मोटारीला कुठून आणू?"

"विहिरीत आहे की."

"ते वर काढायलाच तर तुमचं इंजिन पाहिजे!"

गोठ्यातले सगळे खदाखदा हसले. मीही हसलो. इथेच मी गेलो. गाडी थोडा वेळ चालवली, गरम व्हायच्या आत बंद केली.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला अजून डाचते. रेडिएटरच्या झाकणाभोवती पिवळं लागलेलं होतं. दसरा होऊन गेला होता. बॉनेटवर कुंकवाची बोटं होती, झेंडूची वाळलेली माळ लटकत होती. मला वाटलं, पूजेची हळद. मी बोट लावलं आणि ते कपाळाला टेकवलं. जो माणूस नव्या बेअरिंगवरही नख मारून बघतो, त्या माणसाने हळदीला नमस्कार केला.

सौदा पक्का झाल्यावर गावात टँकर आला, आणि जाताना मेहुण्याने त्यातल्या पाण्याने रेडिएटर स्वतःच्या हाताने भरून दिला. बायको माहेरी आली होती, ती शेजारी बसली. नांदेड मागे पडलं, लोहा ओलांडलं आणि बॉनेटमधून वाफ निघाली. मी गाडी बाभळीखाली लावली. पुढे गावात टँकर आला होता आणि बायांची घागरींची रांग होती. मी गेलो असतो तर शिव्या खाल्ल्या असत्या, म्हणून बायकोला पाठवलं. मागून मीही गेलो.

"प्यायला का वं बाई?" एकीने विचारलं.

"न्हाई. गाडीला."

"ऐकलं का गं? गाडीला तहान लागलीय म्हणं!"

"मालकाला म्हणावं, बैल जुंपा."

"बैल तरी कुठं ऱ्हायलेत बाई. मालकालाच जुंप."

बायको मान खाली घालून उभी राहिली. शेवटी एका म्हातारीने अर्धी घागर दिली. "धुण्याचं हाय," ती म्हणाली. "साबणाचं. चालंल का तुमच्या मोटारीला?" मी म्हटलं, चालेल. त्या दिवशी मला काहीही चाललं असतं.

इंजिन निवेपर्यंत थांबलो. फडकं धरून झाकण काढलं. वर पिवळा फेस आला, कढीसारखा, आणि वास सुटला.

"ही तर हळद," बायको म्हणाली. वास तिने आधी ओळखला. मग माझ्या तोंडाकडे बघून घाईने म्हणाली, "पूजेची पडली असंल आत."

"पूजेची? ही पूजा नव्हं, ही लांबी हाय! भोक बुजवायची!" मी एवढ्या जोरात ओरडलो की टँकरपाशी रांगेतल्या बाया वळून बघायला लागल्या. हळदीचं ड्रायव्हर लोकांना माहीत असतं. रेडिएटर झिरपत असला तर पाण्यात हळद टाकतात, ती फुगून भोकात बसते, गाडी घरापर्यंत पोचते. मी स्वतः क्लीनर असताना टाकली होती. पण ती चिमूट, मुठी नव्हे.

थांबत, पाणी मागत लातूरला आलो. दुसऱ्या दिवशी दुकानामागे इंजिन उतरवलं. रेडिएटरच्या नळ्या पिवळ्या गाळाने गच्च. ब्लॉकच्या बाजूला, आत जिथे पाणी फिरतं तिथे भेग. भेगेत हळद आणि गंज यांचा असा लगदा झाला होता की टोकदार सळईने टोकरून काढावा लागला.

काही आठवड्यांनी मेहुणा लातूरला आला. माफी मागायला नव्हे. विहिरीवरच्या इंजिनाला पट्टा पाहिजे होता. मी त्याला मागे नेलं, ब्लॉक दाखवला.

"दाजी, गरम इंजिनात गार पाणी ओतलं असंल तुम्ही. त्यानं फुटते."

"इकडं ये. ही भेग बघ. ताजी फुटली तर लोखंड चमकतं. ही आतून तांबडी हाय. ही जुनी हाय. अन् हळद काय मी टाकली?"

"जुना ड्रायव्हर होता आमचा, त्यानं टाकली असंल. तो तर वारला."

माझ्या हातात पाना होता. तो मी भिंतीवर मारला, गिलावा पडला. बायको चहा घेऊन दारात आली होती, ती तशीच परत गेली. मेहुण्याने चहा घेतला नाही. पट्टा मात्र घेऊन गेला. माझ्या इंजिनाने उपसलेल्या पाण्यावर त्याची हळद वाचली. त्या साली ज्याच्याकडे हळद होती त्याला मागेल तो भाव मिळाला, हे सगळ्या नांदेड बाजाराला माहीत आहे.

ब्लॉक मी फेकला नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना भोकं पाडली, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग भेगेवर एकाला एक चिकटून तांब्याचे स्क्रू बसवले, ठोकून सपाट केले. काम चांगलं झालं. पण जुन्या बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, मन राखावं लागतं. दर उन्हाळ्यात एखादा स्क्रू झिरपतो. हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट बाजारात मिळत नाही, ते तांब्याच्या पत्र्यातून हाताने कापावं लागतं. व्हॉल्व्ह घासा, कार्ब्युरेटर धुवा, पॉइंट साफ करा. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, ते ब्लॉकमध्ये थर धरतं, म्हणून पत्र्यावरून पडलेलं पावसाचं पाणी पिंपात साठवतो. यावरही बायकोची बोलणी खाल्ली. "माणसं बोअरचं पितेत, अन् तुमच्या मोटारीला पावसाचं."

नव्या कचेरीची इमारत पुरी झाली तेव्हा मिरवणुकीला ही मोटार मागितली होती. मी चालवत होतो, मागे हार घातलेले पाहुणे, पुढे हलगी. मिरवणूक पायाच्या गतीने चालते, वारा लागत नाही, इंजिन तापतं. लोक पाहुण्यांकडे बघत होते आणि मी वाफेकडे. चौकात गाडी उकळली. पाहुणे उतरून जीपमध्ये बसले. लोकांनी मोटार ढकलत कडेला नेली आणि मी स्टिअरिंग धरून आत बसलो होतो. असे दिवस फार झाले. मी थकलो. खरं सांगायचं तर गाडीचाही आता कंटाळा आलाय.

विकत का नाही, असं लोक विचारतात. विकली तर पुरावा जाईल.

या सगळ्यात बायकोचं माहेर तुटल्यातच जमा झालं. सणाला भाऊ न्यायला येत नाही, ती गेली तर दोन दिवसांत परत येते. आणि आता मेहुण्याच्या मुलाचं लग्न आहे. त्याने बहिणीकडे निरोप पाठवला: नवरदेवाला आजोबांच्या मोटारीतून आणायचं आहे, दाजींना विचार.

"द्या की," ती म्हणाली.

"लग्नात त्याला मोटार आठवते. माझ्या लग्नात आठवली होती का?"

"तेव्हा तो लहान होता. तुम्ही लहान नव्हतात, मागायची होती." मग म्हणाली, "तुमच्या दोघांच्या भांडणात मी कोणाच्या पंगतीला बसू? माझ्याकडे बघून तरी द्या."

तिच्याकडे बघूनच मी पुन्हा इंजिन खोललं. गॅस्केट नवं कापलं, झिरपणारा स्क्रू बदलला, नळ्या साफ केल्या. तर मेहुण्या, ऐक: मोटार तयार आहे. मी स्वतः चालवत आणीन, तुझ्या गावच्या धुळीतून, आणि वाफ येणार नाही याची काळजी घेईन. मला इंजिन परत नको, हळदीचा भाव नको, शेला-टोपी नको. पण पोरगा गाडीत बसायच्या आधी तू तुझ्या बहिणीसमोर माझ्याकडे बघून उत्तर दे. त्या ड्रायव्हरचं नाव घेऊ नको. तो मेला, त्याला बोलता येत नाही, आणि त्या दिवशी रेडिएटर त्याने नाही, तू भरलास. तुला भेग माहीत होती की नव्हती? बहिणीला त्या गाडीत बसवून रस्त्याला लावताना माहीत होती की नव्हती? मी हो किंवा नाही एवढंच ऐकायला येतोय. उत्तर दे.