मागच्या सीटपर्यंतची वायर

माझं झेरॉक्सचं दुकान आणि शिंपीमास्तरांचं दुकान यांच्यात एकच भिंत. मास्तरांनी चाळीस वर्षं कपडे शिवले, पण स्वतःच्या हातानं होण्यासारखं काम दुसऱ्याला कधी दिलं नाही. "ज्याला कात्री धरता येते त्याला पानाही धरता येतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांच्या बायकोची फुप्फुसं थकत चालली, तेव्हा डॉक्टरांनी प्राणवायूचं छोटं यंत्र दिलं. ते सतत चालू ठेवावं लागायचं. घरात अडचण नव्हती. पण बाईंना चार तासांवर राहणाऱ्या थोरल्या बहिणीला भेटायचं होतं. आक्का अंथरुणाला खिळलेली. दोघी रोज फोनवर बोलायच्या, तरी बाईंचा जीव तिच्यात अडकलेला.

गाडी जुनी. सॉकेट एकच, तेही पुढे आणि सैल. बाईंना फार वेळ बसवत नसे, मागच्या सीटवर आडवं व्हावं लागे, आणि यंत्राची वायर तिथवर पोचत नव्हती.

मी म्हटलं, "मास्तर, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला सांगा. तासाभराचं काम."

"तासाभराचंच ना? मग मीच करतो की!"

रविवारी निघायचं ठरलं. शनिवारी सकाळी मास्तरांनी बाह्या सरसावल्या. बॅटरीपाशी फ्यूज बसवला, वायरीच्या टोकाला सेफ्टी पिन बांधली आणि पायजम्यात नाडी ओवावी तशी ती गालिच्याखालून मागे ओढून नेली. सॉकेट घट्ट बसला. यंत्र लावलं, हिरवा दिवा लागला.

बाई खिडकीतून म्हणाल्या, "अहो, उलटं शिवलं नाहीत ना? आत जाऊन बघा एकदा."

हसू ओसरतंय तोवर जळका वास आला. वायर घरातल्या टेबललॅम्पची होती, बारीक. यंत्राचा भार तिला सोसवेना. सॉकेट वितळून काळा पडला होता.

"आता तरी बोलवा त्याला," मी म्हटलं.

"आता तर मुळीच नाही."

आक्काला फोन गेला, "शुक्रवारी नक्की." जाड वायर आणि नवा सॉकेट मिळायला मंगळवार उजाडला. बसवून होईतो गुरुवार. मास्तर तासभर वायरीवर तळहात ठेवून बसले, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. वायर थंड राहिली.

संध्याकाळी आक्काच्या मुलाचा फोन आला. "काका, आई गेली. मावशीला तुम्हीच सांगा."

शुक्रवारी ते ठरल्यासारखे निघाले. चारही तास यंत्र एकदाही अडलं नाही. आक्काला बाईंसाठी अजून घरातच ठेवलं होतं. बाईंना तिच्याजवळ खुर्ची दिली. त्यांनी आक्काचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. आक्काचा मुलगा सहज बोलून गेला, "रविवारी दिवसभर दाराकडे बघत होती. कितीदा सांगितलं, मावशी आज येत नाही, तरी."

मास्तर तिथेच उभे होते.

परतताना निम्मी वाट सरली. मग मास्तर म्हणाले, "त्या इलेक्ट्रिशियनला बोलवायला हवं होतं मी."

मागून आवाज आला, "हो."

त्यात राग नव्हता. थोड्या वेळानं बाईंनी पाणी मागितलं, आणि मास्तरांनी गाडी कडेला घेतली.

बाई आणखी पाच महिने जगल्या. दवाखान्याच्या फेऱ्यांना तो सॉकेट दर वेळी कामी आला. तो विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही. मास्तर मला म्हणायचे, "दोन शिव्या घातल्या असत्या ना, तर सुटलो असतो. ती मला नेहमीसारखंच वाढायची."

बाई गेल्यावर आक्काचा मुलगा भेटायला आला. मास्तरांनी त्याला सगळं सांगितलं: टेबललॅम्पची वायर, आपला हट्ट, वाया गेलेले दिवस. तो खाली बघत ऐकत राहिला. मग म्हणाला, "काका, मनाला लावून घेऊ नका. शेवटी शेवटी आई कुणाला ओळखतच नव्हती."

दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरला टेकून मास्तरांनी हे मला सांगितलं. म्हणाले, "जायच्या आदल्या दिवशी, बुधवारी, आक्का हिच्याशी पाऊण तास फोनवर बोलली होती. मीच फोन लावून दिला होता. पोरगं माझ्यासाठी खोटं बोललं." त्यांनी गळ्यातली टेप काढली, बोटांना गुंडाळली, पुन्हा सोडली.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? बरं म्हटलं."