मोती पिकायची वाट

आमच्या गावात, मढला, रस्त्याकडेला जीप उभी होती. टपावर माझ्या बॅगा दोरीनं आवळून बांधलेल्या, आणि पुढं बसलेला माझा मोठा भाऊ, दादा, ड्रायव्हरला सारखा हॉर्न वाजवायला लावत होता. माळशेज उतरून कल्याण, तिथून विमानतळ. आई मात्र निवांत. तिनं माझ्या पिशवीत हिरड्यांची पुरचुंडी कोंबली, मी शाळेलाच निघाल्यासारखं पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "परमुलूख हाय. काय दुखलं-खुपलं तर अंगावर काढू नको."

मला हसू आलं. नारायणगावच्या दवाखान्यात नर्स म्हणून वर्षानुवर्षं लोकांना मी हेच सांगत आले होते. म्हटलं, "अगं, तिकडं जाऊन मी दुसऱ्यांना हेच सांगणार आहे."

"दुसऱ्याला सांगाया काय जातंय," ती म्हणाली. तेवढ्यात जीप सुटली.

तुमच्यापैकी जे परदेशी गेलात त्यांना ठाऊकच आहे, पहिली काही वर्षं आठवणी काढायलाही सवड नसते. परीक्षा, नोकरी, लग्न, मुलगी, पुन्हा शिक्षण. शेवटी मी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर झाले. नेब्रास्कात, मक्याच्या शेतांच्या मधोमध एक चिमुकला दवाखाना आहे, तिथं मी बसते. मोठा डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. बाकीचे दिवस तपासणं, औषध लिहून देणं, लहान पोरांच्या लशी, म्हाताऱ्यांची शुगर, सगळं माझ्याकडं. हे आईला फोनवर समजावताना माझा घाम निघाला.

"म्हंजी तू डाक्टर का नर्स?"

"दोन्हीच्या मधलं, आई."

"मंग खेचर म्हण की!"

दादा मागं खो-खो हसत होता. मी चिडले, फोन ठेवून दिला. पण खरं सांगू, माझ्या हुद्द्याचं इतकं नेमकं वर्णन आजवर दुसऱ्या कुणी केलेलं नाही. ओझं वाहण्यासकट सगळं त्यात आलं.

तिकडचे शेतकरी वेगळे असतील असं वाटलं होतं. कसले वेगळे! डेल म्हणून एक म्हातारा आहे, एकटाच राहतो. हाताला तार लागून जखम चिघळलेली, मनगटापर्यंत सूज, आणि हा गडी टोपी काढून म्हणतो, "आय ॲम फाइन." फाइन म्हणे! मी म्हटलं, अरे बाबा, तू मूळचा मढचाच दिसतोस. मराठीतच म्हटलं. 'अंगावर काढणं' याला इंग्रजीत काय म्हणावं ते मला अजून सापडलेलं नाही. ते दुर्लक्ष करणं नव्हे, सहन करणंही नव्हे. आपल्याकडं दुखणं आलं की बाई ते अंगावर घेते आणि भाताची आवणी उरकते, मग कापणी, मग पाहुणेरावळे. दुखण्याला सांगते, थांब जरा, तुझ्याकडं नंतर बघते. डेलला मी आईच्या आवाजात झापलं. शब्द कळले नसावेत, पण तेव्हापासून तो वेळेवर येतो.

आईला मात्र मी दर रविवारी विचारायची, "कशी आहेस?" आणि ती म्हणायची, "बरं हाय." हे 'बरं हाय' ऐकलं की माझा रविवार सुरळीत पार पडायचा.

पुढं व्हिडिओ कॉल आले. तिकडून मला काय दिसायचं? आईचं अर्धं कपाळ आणि वरची कौलं. "आई, फोन खाली घे. इकडं बघ. इकडं गं!" ती मान वळवून भलतीकडंच बघायची. माझी लेक आणि मी हसून लोळायचो. सगळ्यांच्याच आया अशा असतात, असं आम्ही मैत्रिणी एकमेकींना सांगायचो. एकीची आई नुसता कान दाखवायची.

गेल्या दिवाळीनंतर मी एकटीच गावी आले. खळ्यावर भात झोडून झालं होतं, अंगणात नाचणीची कणसं वाळत होती. आई रस्त्यापर्यंत न्यायला आली नाही, दारातच थांबली. मला थोडं लागलंच. भाकरतुकडा ओवाळून टाकला, दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि म्हणाली, "लई वाळलीस गं!" माझं वजन वाढलं होतं. पण वाळलीस म्हटल्यावर कोणाला बरं वाटत नाही?

दोन दिवसांनी आई शेजारच्या हौसाकाकूंकडं गेली, तेव्हा मी पदर खोचला. आईला आराम म्हणून स्वयंपाकघर आवरायला घेतलं. चुलीजवळचे तेलकट डबे घासून फडताळात ओळीनं लावले. मिठाची बरणी वर ठेवली, तिला ओल लागू नये म्हणून. वाटेतली पाण्याची कळशी उचलून दाराआड सारली. सगळं कसं लख्ख! स्वतःवरच खूश होऊन मी पडवीत चहा पीत बसले.

आई आली, सवयीनं दाराआड चपला काढायला वळली आणि कळशीवर आपटली. पाणी भळभळा वाहिलं. गुडघा फुटला. मी धावले तर माझ्यावरच ओरडली, "कुनी हलवली कळशी? आँ? कुनी हलवली?"

मला वाटलं, पायाला लागलं म्हणून चिडली. पण मग ती उठून चुलीपाशी गेली आणि मिठाच्या जागी हात नेला. तिथं काही नव्हतं. तिचा हात तिथंच चाचपडत राहिला. वर फडताळात, तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, पांढरीशुभ्र बरणी होती.

हा हात मी ओळखते. असे हात मी रोज दवाखान्यात बघते.

तिचा गुडघा बांधून तिला पडवीत समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून. म्हटलं, "माझ्या नाकाकडं बघ. बाजूला बोट हललं की सांग." मी उजवा हात तिच्या कानाच्या रेषेत धरून बोटं हलवली.

"हाललं," आई म्हणाली.

डावा हात हलवला. "हाललं की. मला काय आंधळी समजतीस व्हय?"

मी हायसं वाटून हात खाली घेतले, आणि तेवढ्यात माझ्याच बांगड्यांचा आवाज मला ऐकू आला. आदल्या दिवशी जुन्नरच्या बाजारात हौसेनं भरल्या होत्या, हिरव्या काचेच्या. मी त्या एकेक करून उतरवल्या आणि पुन्हा हात धरला. बोटं हलवली. आई माझ्या नाकाकडं बघत गप्प बसली. हात पुढं आणला, आणखी पुढं आणला, पार गालापाशी आणला. आई वाट बघत होती, मी कधी सुरू करते याची.

रडायच्या आधी मी भांडले. माझा स्वभावच तसा आहे. "कधीपासून? सांगायला काय झालं होतं? जगाचे डोळे तपासते मी, आणि माझी आई मला 'बरं हाय' म्हणून गुंडाळते?"

"मोती झालाय," ती शांतपणे म्हणाली. "सगळ्यांना व्हतो. कच्चा मोती काढत न्हाईत. म्हणलं, पिकू दे. तू आलीस की काढू, तुझ्याच हातानं पट्टी सोडू."

वाट बघत होती! शेतात दाणा भरायची वाट बघावी तशी ती डोळ्यातला मोती पिकायची वाट बघत होती. आमच्याकडं जुनी माणसं असंच म्हणतात, मोतीबिंदू पिकल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाही. पण हा मोतीबिंदू नव्हता. नारायणगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे. तो पिकत नाही. तो दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात आत येतो, आणि खाल्लेलं परत देत नाही. उरलंय तेवढं राखायला रोज थेंब घालायचे, बस्स.

"पैल्यांदाच आणलं असतं तर?" आईनं विचारलं. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. उत्तर मला माहीत होतं, पण मी पर्स उघडून उगीच रुमाल शोधत बसले.

येताना ओझरच्या गणपतीला थांबलो. माझ्या परीक्षेसाठी ती इथंच नवस बोलली होती. गाभाऱ्यापुढं ती मान वाकडी करून बराच वेळ उभी राहिली. मी विचारलं, "दिसला का गं?"

"त्यानं मला बघायचं असतंय," ती म्हणाली. "आपुन नुसतं हुबं ऱ्हायचं."

मग आमचं खरं भांडण झालं. मी म्हटलं, माझ्याबरोबर चल. नाही. दादाकडं मंचरला राहा, दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, वहिनी आहे. नाही. "हितं मला समदं दिसतंय," ती म्हणाली. "उंबरा, चूल, गोठा, हौसाचं दार. तिकडं नेलंस की मी आंधळी. कळशीचं बघितलं न्हाईस का तू?"

"मग मी राहते."

"किती दिस?"

ती टोमणा मारत नव्हती. साधं विचारत होती, जेवणाची तयारी करायला पाहुण्याला विचारतात तसं. तिकडं नवरा होता, शाळेत जाणारी लेक होती, मानेवर मक्याच्या मुलखातलं सगळं ओझं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला गावाला राहायला परत येता येणार नाही हे कळलं, आणि तेही आईच्या समोर बसून.

निघायच्या आधी आम्ही घर परत लावलं. ती पाटावर बसून सांगत होती, मी ठेवत होते. मीठ चुलीच्या डाव्या अंगाला. काडेपेटी त्याच्या मागं. तिखटाचा डबा टवका गेलेला, तोच पुढं, कारण टवका हाताला लागतो. मी घासून काढलेला तेलाचा चिकटपणासुद्धा तिला हवा होता. "डबा वळखत न्हाई आता," म्हणाली. थेंबाच्या बाटलीला मी दोरा गुंडाळला आणि तिची जागा तिनंच ठरवली. हौसाकाकूंची सून येऊन थेंब घालते, दादा महिन्याला डॉक्टरकडं नेतो. माणसं चांगली आहेत. मी त्यात कुठंच नाही.

जाताना मी विचारलं, "मी आले त्या दिवशी वाळलीस म्हणालीस, ते कसं दिसलं गं?"

"दिसाया कशाला पायजे? परमुलखातनं आलेली लेक वाळलेलीच असती."

आता दवाखान्यात कुणी 'फाइन' म्हटलं की मी खुर्ची पुढं ओढते आणि पुन्हा विचारते. चष्मा मागायला आलेल्या म्हाताऱ्यांच्या कानाशी बोटं हलवते. बांगड्या काढून. डेल विचारतो, गावी सगळं ठीक ना? मी म्हणते, फाइन.

ज्यांनी गाव सोडलं त्यांना मी काही शहाणपण सांगणार नाही, आणि जे राहिले त्यांनी आमची कीव करू नये. माझ्यापुरतं सांगते. मागं नेब्रास्कात वादळात संध्याकाळी लाईट गेली. अंधारात माझा हात काडेपेटीसाठी आपसूक शेगडीच्या डाव्या अंगाला, मागं गेला. तिथं नुसती गार भिंत लागली. सतरा वेळा आवरलेलं हे माझं घर, आणि त्यातली एक वस्तू माझ्या हाताला पाठ नाही.

परवा रविवारी आईचा फोन होता. आता मी तिला इकडं बघ म्हणत नाही. तिचं अर्धं कपाळ आणि वरची कौलं बघत बसते.

"कशी हाईस गं?" तिनं विचारलं.

"बरं हाय," मी म्हणाले.

आईची मान थोडी वळली, कान फोनकडं आला.

"अंगावर काढतीस व्हय?"

माझ्या हातात वाजायला एकही बांगडी नव्हती.