पावरीचा खरा आवाज

लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि चार ओळी लिहितानाही हात अडखळतो. चुकलं तर माफ करा. तोंडाने हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

मी सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचा. नाशिकला दुसऱ्या वर्षात शिकतो. श्रावणात कॉलेजांची नृत्यस्पर्धा होती आणि संगीत विद्यार्थ्यांनीच बनवायचं होतं. आमच्या पाड्यावरच्या नाचाची चाल मी कॉम्प्युटरवर मिडीत लिहिली. मिडीत आवाज नसतो, फक्त कोणता सूर किती वेळ वाजवायचा एवढंच असतं. आवाज वेगळ्या सॉफ्टवेअरने भरायचा.

आमच्या गटाचा प्रमुख शेवटच्या वर्षाचा, गंगापूर रोडला राहणारा. त्याने ती चाल सगळ्यांसमोर वाजवली.

"हा काय, रिक्षाचा रिव्हर्स हॉर्न? तुमच्या पाड्यावर वीज आली का रे?"

सगळे हसले. मीही हसलो. माझ्या त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

त्याच्याकडे महागडं सॉफ्टवेअर होतं. माझी चाल त्याने त्यातल्या बासरीवर लावली. वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू यायचा.

"झालं काम. हीच टाक."

"दादा, ही पावरीची चाल आहे. पावरीवाला मध्ये थांबून श्वास घेत नाही. गालात हवा धरून वाजवतच राहतो."

"परीक्षकांना घंटा कळतंय. शनिवारपर्यंत खरा आवाज आण, नाहीतर बासरी लागेल आणि खाली नाव माझं."

पाड्यावर पावरी माझा बाच वाजवतो. भोपळ्याचं आणि शिंगाचं ते वाद्य आजोबांपासून आमच्याच घरात आहे. मी फोन केला. दोन-चार सूर वाजव, मी रेकॉर्ड करतो, म्हटलं.

"पाऊस लागलाय, नवा भात घरात आला नाय अजून," बा म्हणाला. "तवर पावरीला तोंड लावायचं नाय. शिकायला गेला का इसरायला?"

फोन ठेवून दिला त्याने.

मग सॉफ्टवेअर शोधत बसलो. एक फुकटचं होतं, त्यात सनई होती, पावरी नव्हती. दुसरं चाचणीपुरतं मिळालं, पण दर मिनिटाला मुद्दाम खरखर करायचं. तिसऱ्यात आपणच आवाज भरायचे, मग मिडी त्याच आवाजात वाजते. माझ्या फोनमध्ये मागच्या उन्हाळ्यातल्या एका लग्नाचा व्हिडिओ होता, त्यात बा वाजवत होता. त्यातून एकेक सूर कापून काढला. एका सुरामागे कुत्रं भुंकत होतं, ते घालवायला दोन दिवस गेले. लग्न पाऊस लागण्याआधीचं, पावरी चालते त्या दिवसांतलंच होतं, आणि आता वाजवणार ते मशीन. यात नियम मोडत नाही, असं मला मनापासून वाटलं.

शनिवारी प्रमुखाने शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये कुठे दम तुटला नाही.

"नाव तुझं टाकतो," तो म्हणाला. "आता रडू नको."

आमचा दुसरा नंबर आला. प्रमुखाने व्हिडिओ नेटवर टाकला, खाली माझं नाव. मी तो पाड्यावरच्या ग्रुपवर पाठवला.

त्यानंतर घरून कुणी फोन उचलेना. आठ दिवस मी रोज लावत होतो. शेवटी रविवारी निमाणीच्या स्टँडवर गेलो. आमच्या गावाकडे जाणारी जीप उभी होती. ड्रायव्हर ओळखीचा, पण त्याने मान वर केली नाही.

"काका, घरी सगळं बरं आहे ना?"

"तुझा व्हिडिओ समद्यांनी ऐकला," तो म्हणाला. "म्हातारी मानसं लगेच बोलली, ही तुझ्या बाचीच पावरी. भर श्रावणात."

"बाने नाही वाजवली. कॉम्प्युटरने वाजवली."

"त्यो बी तेच सांगत व्हता. आवाज त्याचाच, मंग कोन ऐकतं? पाड्याची बैठक बसली." त्याने जीप चालू केली. "यंदा नव्या भाताला पावरी पलीकडच्या पाड्यावरून येनार."