खंड्या, आत्या आणि म्हैस

मी कॅमेरा घेतल्यापासून आमच्या घरात एकाही माणसाचा धड फोटो निघालेला नाही, असं आमचे हे म्हणतात. खोटं नाही. मी किन्हवलीत ब्लाउज शिवते. दिवसभर सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला एका बिंदूवर नजर लावायला कुणी शिकवावं लागत नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून कळलं की मोठी लेन्स लावायची, फोकस पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवायचा आणि मागचं सगळं मऊ, धूसर करून टाकायचं. मग काय! चुलतनणंदेच्या हळदीत मी हळदीची वाटी अशी टिपली की कण न् कण मोजून घ्यावा. मागे नवरी होती, हे मात्र लोकांना सांगावं लागलं. तिची आई अजून माझ्याशी बोलत नाही. राहू दे! निदान लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लाउज मागायला तरी येणार नाही.

पक्ष्यांसाठी मी दर रविवारी स्कूटीवरून तानशाला जायची. तलावाच्या काठच्या गावात माझी आत्या राहते. एकटीच, सोबतीला एक म्हातारी म्हैस. दोघी सारख्याच हट्टी. तिच्या घराखाली पाण्यात एक खुंट आहे. त्यावर खंड्या मासा घेऊन बसेल आणि मी त्याला टिपेन, म्हणून तीन महिने मी डास मारत बसले होते. खंड्या यायचा, पण पाठ करून बसायचा. मेल्याचं मी काय घोडं मारलं होतं कोण जाणे.

एका रविवारी आत्या म्हणाली, “सगळ्या पाखरांचे फोटो काढतेस, माझा न् म्हशीचा एक काढ गो. आमी दोघी म्हाताऱ्या झालो. जी मागं राहील तिला बघाया पायजे ना.”

म्हैस मागं राहिली तर ती फोटो बघणार का, हे मी विचारलं नाही.

आत्याने म्हशीला घासूनपुसून आंघोळ घातली, शिंगांना खोबरेल लावलं. स्वतः ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली आणि खुंटामागच्या काठावर म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, श्वास रोखून उभी राहिली. मी डोळा लावला, आणि तेवढ्यात खंड्या खुंटावर! चोचीत मासा, तोंड माझ्याकडे! पुढचं बोटानेच केलं, मला विचारलंसुद्धा नाही.

“झाला?” आत्याने ओठ न हलवता विचारलं.

“झाला, झाला!” मी ओरडले आणि उडालेल्या खंड्यामागे धावले. परत आले तोवर म्हैस गळ्यापर्यंत चिखलात बसली होती आणि लुगडं घडी होऊन पेटीत गेलं होतं.

फोटो काय आला म्हणून सांगू! खंड्याचं पीस न् पीस वेगळं. मागे एक काळा ढग आणि एक हिरवा ढग. पण आत्या गावभर सांगून बसली होती, तेव्हा तोच फोटो फ्रेम करून नेला. फ्रेम दारातल्या उजेडात धरून आत्याने उलटसुलट करून पाहिली.

“मी कुठाय?”

“ही काय, हिरवी.”

“मला नाय दिसत.”

“तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे ना, आत्या,” मी म्हणाले, “म्हणून.”

जीभ झडली कशी नाही माझी!

दोन वर्षं सगळं घर तिच्या पाया पडत होतं की ऑपरेशन करून घे. ती म्हणायची, म्हैस मला वासानं कळते, डोळे कशाला पायजेत? पण त्या फोटोसाठी ती पुढच्याच आठवड्यात शहापूरला जाऊन ऑपरेशन करून आली. तूच तिला तयार केलंस म्हणून माझा भाऊ माझ्यासाठी पेढे घेऊन आला. मी खाल्लेसुद्धा.

काळा चष्मा उतरल्यावर मी भेटायला गेले. आत्याला आढ्याची जळमटं दिसली, माझे पांढरे केस दिसले. “ब्लाउजच्या गळ्याची शिवण वाकडी आहे गो तुझ्या,” ती म्हणाली. मग तिने भिंतीवरची फ्रेम उतरवली आणि बराच वेळ बघत राहिली.

“माशाचा डोळा दिसतो,” ती म्हणाली. “माझा नाय दिसत.”

लाजेने मेल्यासारखं झालं मला. “चुकले, आत्या. तुझे डोळे नव्हते गं, माझेच होते,” मी म्हणाले.

तिने बादली उचलली आणि म्हशीला घासायला गेली. पुन्हा खोबरेल, पुन्हा लुगडं, पुन्हा तोच काठ. मी डोळा लावला आणि तो चांडाळ आला! या वेळी मासा चांगला वीतभर, आणि माझ्याकडे बघून मान तिरकी केलेली. माझी बोटं आपोआप लेन्सवर फिरायला लागली.

“ए!” म्हशीपासून हाक आली. “आता दिसतं मला, तू कुठं बघतेस ते!”

फोटो आत्याच्या भिंतीवर आहे. आत्या डोळे वटारून बघते आहे, कपाळावरची आठी न् आठी स्पष्ट. म्हशीच्या नाकपुडीतला केससुद्धा दिसतो. पुढे कोपऱ्यात एक निळा डाग आहे. तो काय म्हणून येणारेजाणारे विचारतात.

“व्हतं एक पाखरू,” आत्या सांगते.