सुरई माझी नव्हती

मागच्या महिन्यात उदगीरहून एका बाईचा फोन आला. "चाचा," म्हणाली, आणि वडिलांचं नाव सांगितलं. ते नाव माझ्या लातूरच्या घरात वीस-बावीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

"अब्बांची अगरबत्ती आता मी चालवते. पाकिटावर आमची जुनी सुरई परत छापावी म्हणते. नोंदणीच्या आधी मोबाईलवर शोधून पाहिलं, हा मार्का आणखी कुणाचा आहे का. तर तुमचंच नाव येऊन राहिलं. काहीतरी चूक झाली असेल ना?"

"बघतो बेटा," म्हणालो आणि फोन ठेवला.

चूक झाली नव्हती. शोधात जे दिसत होतं ते मीच लिहवून घेतलं होतं. पोरीला ते माहीत नव्हतं, म्हणजे इतक्या वर्षांत तिच्या बापानं घरात सांगितलं नव्हतं. 

सुरईचा ठसा त्या माझ्या दोस्ताच्या वडिलांनी कोरलेला. तळहाताएवढा सागवानी तुकडा. कोरताना हात सटकला असावा, सुरईची मान किंचित डावीकडं कललेली. निळ्या शाईत बुडवून पाकिटावर दाबला की ती वाकडी मान उठायची, आणि वाचता न येणारी म्हातारीसुद्धा लांबून ओळखायची. त्याच्या अंगणात बायका काड्यांवर ऊद आणि चंदनाचा भुसा वळायच्या. माल त्यानं करायचा, विकायचा मी. पिशव्या घेऊन मी एसटीनं निलंग्याला जायचो, जळकोटला जायचो. सोमवारी महादेवाच्या देवळापुढं आणि गुरुवारी दर्ग्यापुढं एकच पाकीट खपायचं. कागद कसलाही नव्हता आमच्यात. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसलो की तो माझी पिशवी उलटी करून झटकायचा. "सगळं खपवलंस? का रस्त्यात फेकून आलास?" म्हणायचा. मग आतून चहा यायचा.

आमच्याकडं माणसाला त्याच्या मालावरून हाक मारतात. बाजारात कुणी माझं नाव घेत नसे. "सुरईवाले आले का?" असंच विचारायचे. मला ते गोड लागायचं. किती गोड लागायचं, ते तेव्हा कळलं नाही.

मग नांदेडच्या बाजारात तशीच सुरई छापलेली दुसरीच अगरबत्ती दिसली. एका गिऱ्हाइकानं पाकीट माझ्यापुढं आपटलं, "ह्याला वासच न्हाई की हो!" आम्ही घाबरलो. मार्का नोंदवायचं ठरलं. तो म्हणाला, "तूच जा नांदेडला. मला त्या कागदातलं काय कळून राहिलंय? अब्बांचं नाव मात्र लिही कुठंतरी." आणि ठसा एका हिरव्या रुमालात बांधून दिला.

वकील सावकाश बोलणारे, नीट माणूस होते. म्हणाले, आधी शोध घ्यावा लागतो. असाच किंवा ह्याच्यासारखा मार्का ह्याच प्रकारच्या मालासाठी कुणी आधी नोंदवलाय का, नावानंही बघायचं आणि चित्रानंही. काही आठवड्यांनी परत गेलो तेव्हा त्यांच्यापुढं अहवाल होता. सुरई मोकळी होती.

"पण ह्यात फक्त नोंदलेलं दिसतं," ते म्हणाले. "नोंद न करता बाजारात आधीपासून कुणी वापरत असेल, तर त्याचा हक्क आधी. ते कागद सांगत नाही, तुम्ही सांगायचं. आहे का असं कुणी?"

रुमाल माझ्या मांडीवर होता. मी म्हणालो, "मला बाजारात सुरईवालेच म्हणतात."

ते हसले. "मग झालंच की. दुसरं कुणी नाही ना?"

"नाही."

कुणी ढकललं नव्हतं मला. घरी अडचणही नव्हती. आपण एवढे फिरतो, लोक आपल्याला ओळखतात, एवढंच मनात होतं. नंतर सांगू त्याला, असंही होतं.

ठसा घेऊन उदगीरला परतलो तर तो ओट्यावरच उभा. "झालं का?" "झालं." त्यानं सगळ्या बायकांना पेढे वाटले, मलाही भरवला.

दोनेक वर्षांनी मी लातूरला अगरबत्तीचं मशीन घेतलं. त्याला ते पटलं नाही. "मशीनला नाक असतं का रे?" म्हणाला, आणि आपली हाताची अगरबत्ती सुरई छापून विकत राहिला. सुरई छापणं बंद कर, अशी नोटीस मी वकिलाकडून पाठवली. सही माझीच होती.

उत्तर आलं नाही. आठवड्यानं एसटीच्या पार्सलमधून हिरवा रुमाल आला. आत ठसा होता. शाई धुऊन काढलेली, आणि लाकूड तडकू नये म्हणून खोबरेल चोळलेलं. चिठ्ठी नव्हती. रागावलेला माणूस ठशाला तेल लावून पाठवतो, हे मला आजही सहन होत नाही.

त्यानंतर तो कोऱ्या पाकिटात विकू लागला. दहा-दहा वर्षांनी मार्क्याची मुदत वाढवायचा कागद यायचा आणि मी सही करायचो. पण लातूरच्या स्टँडवर उदगीरची गाडी लागलेली दिसली की पाय थांबायचे. गाडी हलेपर्यंत मी तिथं उभा राहायचो. कधीतरी कुणाच्या शर्टाला त्या उदाचा वास यायचा. कितीदा वाटलं, चढावं, ओट्यावर जाऊन रिकामी पिशवी त्याच्यापुढं टाकावी. चढलो नाही.

फोननंतर आठ दिवसांनी चढलो. मार्का पोरीच्या नावावर करायचे कागद तयार करून घेतले होते. तो खाटेवर बसला होता. डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही त्याला. मी रुमाल हातात दिला. त्यानं ठशावरून अंगठा फिरवला, मानेपाशी थांबला.

"टवका उडवलास."

"हाव. हातातून पडला एकदा."

"वाच कागद."

मी वाचलं. हा मार्का ह्या घराण्याचा, मूळ वापर ह्यांचा, मी तो परत देत आहे. पोरगी दारात उभी राहून ऐकत होती.

"आणि वकिलानं विचारलं तेव्हा तू काय सांगितलंस?" त्यानं विचारलं. म्हणजे त्याला ठाऊक होतं.

"ते ह्यात नाही."

"मग लिही की. पोरीला कळू दे. तिला वाटतं, मीच कंटाळून सुरई सोडली." त्यानं ठसा उशाशी ठेवला, पण कागद माझ्याकडं परत सरकवला. "ते लिहून आण. मग घेईन. आणि तूच वाचायचं, मला दिसत नाही."

चहा झाला नाही त्या दिवशी. मीही थांबलो नाही.

म्हणून हे लिहिलं. वकिलांनी विचारलं होतं, दुसरं कुणी आहे का. होतं. उदगीरला ओट्यावर माझी वाट बघत उभं होतं. उद्या सकाळच्या गाडीनं जाऊन हे त्याच्यापुढं मोठ्यानं वाचायचं आहे. सोबत कागद आहेत, आणि कपाटात सापडलेली ती जुनी पिशवी. रिकामीच नेतोय.