आबांचं पाणी तोडणाऱ्या सरोजताई

सरोजताई कुणाच्याही घरी गेल्या की चपला काढायच्या, थेट गॅलरीत जायच्या आणि कुंडीतल्या मातीत बोट खुपसायच्या. मग म्हणायच्या, "आता ठेव चहा." बारामतीतल्या आमच्या सोसायटीत जवळपास प्रत्येक गॅलरीत मिरचीचं एखादं रोप असायचं, आणि ते पिवळं पडलं की सगळे ताईंनाच हाक मारायचे. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत त्यांनी सगळी नोकरी केली होती. निवृत्त झाल्या तरी हात स्वस्थ बसत नव्हते.

"पिवळं खालनं का वरनं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. खालची जुनी पानं फिकी पडली तर बहुतेक नत्र कमी. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर झाडाला लोह मिळत नाही. समोरच्या काकूंनी एकदा नुसताच मोबाईलवर फोटो पाठवला, तर ताईंनी फोन करून विचारलं, "फोटूत बोट कुठं घालू?"

माझे सासरे, आबा, हृदयाच्या ऑपरेशननंतर लोणी भापकरहून आमच्याकडे राहायला आले. गावी एकटं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण इथे त्यांचं मन लागेना. शेवटी रंगाच्या रिकाम्या बादल्यांत त्यांनी मिरचीची सहा रोपं लावली, आणि घरात पहिल्यांदा त्यांची शीळ ऐकू आली. महिन्याभरात रोपं पिवळी पडली. मी शहाणपणा करून युरिया घातला, तर पानं आणखीच गळली. आबा म्हणाले, "हितं मिरचीसुदिक जगंना. ही गेली की मी बी चाललो गावाला." ते बोलले की करून दाखवणारे. मी धावत जाऊन आमच्याच मजल्यावरच्या ताईंना घेऊन आले.

ताईंचं बोट चिखलाने भरून निघालं. त्यांनी एक रोप उपटलं. मुळं तपकिरी पडलेली, कुजका वास.

"आबा, पानी किती येळा घालता?"

"सकाळ-संध्याकाळ नळ आला की घालतो. दुपारी ऊन लागतं म्हणून आनि जरासं."

"बुडाल्यात ही. पानी तोडा."

आबा उसळले. "पन्नास वर्सं शेती केली म्या. मला शिकवता व्हय?"

ताईंनी मात्र शांतपणे स्टूल ओढलं. "तुमच्या शेतात पानी किती हुतं, आबा?"

"कुठलं पानी! पावसाकडं डोळं लावून बसायचो."

"मग पानी जास्त झाल्यावर काय हुतं, ते तुमाला कधी बघाया मिळालं? चूक न्हाय तुमची. सवय न्हाय."

आबांनी बादलीकडे बघितलं आणि ते चक्क हसले. मला मात्र भरून आलं. इतकी वर्षं मी या घरात नांदले, पण त्यांनी पाण्यावाचून काय काढलं असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

ताईंनी बादल्यांना बुडाशी भोकं पाडली, माती मोकळी केली आणि आठ दिवस पाणी बंद. पण आबांचा हात नळाकडे जायचाच. म्हणून नळ यायच्या वेळेला ताई रोज दारात हजर. "चला आबा, फिराया." चौथ्या दिवशी आबा वैतागून म्हणाले, "ही बाई पोलिसात पायजे हुती." पण चपला घातल्या. राहिलेली पाचही रोपं वाचली, आणि गावाला जायचा विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या वर्षी ताई मुलाकडे इंदापूरला राहायला गेल्या. आमचा मजला अगदी ओकाबोका झाला. आता पिवळी पानं घेऊन लोक आबांकडे येतात.

आबांनी कधी स्वतःची चूक कबूल केल्याचं आमच्या घरात कुणालाच आठवत नाही. परवा तळमजल्यावरची नवी सून रडवेली होऊन आली. तिच्या माहेरच्या मिरचीचं रोप रोज पाणी घालूनही पार सुकत चाललं होतं. आबांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "रडू नकं, पोरी. माझी बी बुडाली हुती. पानी दिसलं की मला ऱ्हावायचंच न्हाय."